आईची शुगर किती असावी, हे नक्की कोणी ठरवायचं?

कासचा_वारा | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, थोडं लांबेल, चालवून घ्या.

आई ७९ वर्षांची. साताऱ्यात आमच्याकडेच असते. मधुमेह होऊन २२ वर्षं झाली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.५ च्या आसपास, गुडघे कुरकुरतात, डोकं मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा तल्लख. औषधं म्हणजे मेटफॉर्मिन, सकाळी ग्लिमेपिराइड आणि रात्री इन्सुलिन.

बाबा गेल्यावर आईच्या तब्येतीचं खातं माझ्याकडे आलं. मी पेशाने अकाउंटंट, त्यामुळे पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. एक लांबट वही केली. उपाशीपोटीची शुगर निळ्या शाईने, जेवणानंतरची हिरव्या, आणि मर्यादेबाहेर गेली की लाल. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.१ होतं, ते दीड वर्षात ६.४ वर आणलं. घरातली साखर बंद, गूळ बंद, आंबा म्हणजे एक फोड, तीही माझ्यासमोर. ६.४ चा रिपोर्ट भावंडांच्या ग्रुपवर टाकला होता. अंगठे मिळाले.

मार्चमधली गोष्ट. रात्री पावणेतीनला आईच्या खोलीत तांब्या पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर आई पलंगाच्या कडेला बसलेली, गाऊन घामाने चिंब, आणि मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारतेय. शुगर ४६. साखर द्यायची एवढं ठाऊक होतं म्हणून स्वयंपाकघरात पळालो, तर घरात साखरच नाही. मीच तर बंद केलेली! सगळे डबे उघडून झाले. शेवटी देव्हाऱ्यात नैवेद्याच्या वाटीत खडीसाखर सापडली, ती खलबत्त्यात कुटली आणि पाण्यात ढवळून दिली. आई गिळत होती हे नशीब. वीस मिनिटांनी ९२ आली आणि आईने पहिलं वाक्य काय बोलावं, तर "देवाची वाटी उष्टी केलीस का रे?"

सकाळी विचारलं, रात्री काय जेवलीस? "काही नाही." का? "आज तू उपाशीपोटीची बघणार होतास ना. लाल आली की तुझं तोंड दिवसभर वाकडं असतं."

म्हणजे बाई इन्सुलिन घेऊन उपाशी झोपली, माझ्या वहीत निळा आकडा यावा म्हणून. आणि असं पहिल्यांदाच केलं नव्हतं, हेही नंतर कळलं.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वही चाळली, कौतुकही केलं, मग बाजूला ठेवली आणि आईला विचारलं, "मावशी, या सगळ्या औषधांतून तुम्हाला काय साधायचंय?" आई माझ्याकडे बघायला लागली. ते म्हणाले, त्याच्याकडे नका बघू. मग आईने तीन गोष्टी सांगितल्या. मंगळवारी नि शुक्रवारी भजनाला एकटीने जाता यावं (गल्लीच्या टोकाला आहे, पण मी पाठवत नव्हतो). रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती वाटते, ती जावी. आणि दिवसातून चारदा बोटं टोचणं थांबवा, पेटी वाजवताना दुखतात. आई मंडळात पेटी वाजवते, हे मला काय माहीत नव्हतं? पण टोचलेलं बोट आणि पेटीची पट्टी या दोन गोष्टी मी कधी एकत्र धरल्याच नव्हत्या.

यादीत शुगर हा शब्दही नव्हता. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, इन्सुलिन कमी केलं. म्हणाले, एचबीए१सी ८ च्या आत राहिलं तरी मला पुरे, पण ७० च्या खाली शुगर एकदाही नको.

आता माझी अडचण. ८ म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो की! बहीण म्हणते, वय बघून डॉक्टर हात झटकतात, बदला त्यांना. लक्ष्य असं सैल करणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सोडून देणंच नाही का? तुमच्या घरी काय ठरलं, आणि ठरवलं कोणी?

चकलीचा_साचा | सोमवार, रात्री १०:४०

रात्री तीन वाजता खलबत्ता कुटणारा अकाउंटंट डोळ्यांसमोर आला. हसू की रडू. वाचतेय.

खवचट_खंडू | सोमवार, रात्री ११:०५

सगळे "वा वा, किती संवेदनशील डॉक्टर" म्हणायच्या आत लिहून टाकतो.

माझा धाकटा भाऊ. वय ४८. त्यालाही कोणीतरी सांगितलं होतं की आकड्यांच्या मागे लागू नकोस, आनंदात राहा. राहिला आनंदात. एचबीए१सी सहा वर्षं ९ ते १० च्या मध्ये. आता दोन्ही डोळ्यांना लेझर झालंय आणि उजव्या तळपायात खिळा रुतलेला याला संध्याकाळी बूट काढल्यावर कळला. आकडा हा काही शत्रू नाही हो. तो बिचारा फक्त निरोप्या.

डॉ_निवांत | मंगळवार, सकाळी ७:२०

ओपीडीला जाण्याआधी लिहितो.

खंडूशेठ, तुमचं बरोबर आहे आणि कासचा_वारा यांच्या डॉक्टरांचंही. दोन्ही बरोबर कसं, तर रुग्ण वेगळे.

साखर काटेकोर ठेवण्याचा फायदा लगेच हातात पडत नाही. १९९८ साली ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात नव्याने मधुमेह सापडलेले लोक होते. एका गटाचं एचबीए१सी सरासरी ७ राहिलं, दुसऱ्याचं ७.९. पहिल्या गटात डोळे, किडनी वगैरे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, पण हे दहाएक वर्षांच्या काळात. ४८ वर्षांच्या माणसापुढे ती वर्षं आहेत. त्याने ७ च्या आत राहण्यासाठी आटापिटा करावा, आणि आनंदातही राहावं.

उलट बाजू अमेरिकेतल्या अकॉर्ड अभ्यासात दिसली. १०,२५१ लोक, सरासरी वय ६२, मधुमेह जुना आणि हृदयविकार झालेला किंवा त्याचा धोका मोठा. एका गटाला ६ च्या खाली आणायचं ठरवलं, दुसऱ्याला ७ ते ७.९ मध्ये ठेवायचं. कडक गटात मृत्यू जास्त झाले, २५७ विरुद्ध २०३, म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. नेमकं कशामुळे यावर आजही वाद घालता येतो, पण "जितकं कमी तितकं चांगलं" हे वाक्य तेव्हापासून मी पेशंटसमोर बोलत नाही.

आता आईंचं. ७९ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.५ म्हणजे कागदावर थोडंसंच जास्त दिसतं, पण हिशेब केलात (तुम्हाला जमेल!) तर किडनीची गाळण्याची क्षमता ३५ च्या आसपास, म्हणजे बरीच कमी, येते. अशा किडनीत ग्लिमेपिराइडसारखी औषधं आणि इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळतात. त्यात रात्रीचं जेवण बुडलं. ४६ आली यात आश्चर्य नाही. मेटफॉर्मिनचा डोसही या किडनीला बेताचाच हवा, तेवढं विचारून घ्या.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही वयस्कांसाठी एकच आकडा सांगत नाही. धडधाकट असतील तर ७ ते ७.५ च्या आत, बरेच जुने आजार असतील तर ८ च्या आत, आणि अगदीच थकलेल्या माणसात एचबीए१सीच्या मागे न लागता शुगर खाली पडू नये आणि फार चढून त्रास होऊ नये एवढंच बघा, असं म्हणते. तेव्हा ८ म्हणजे हात झटकणं नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी तर एक मर्यादा उलट कडक केलीय, ७० च्या खाली एकदाही नको. ते पाळणं ६.४ आणण्याहून अवघड आहे.

एक कळीचं. माणूस शुद्धीत असेल, गिळत असेल, तरच तीन चमचे साखर पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. मग पोळी-दूध असं काही पोटात घाला, कारण या गोळ्यांनी शुगर काही तासांनी परत घसरू शकते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना.

चकलीचा_साचा | मंगळवार, सकाळी ९:०२

शेवटचा परिच्छेद कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवला. पण मला एक कळलं नाही, आदल्या रात्री उपाशी राहून एचबीए१सी कमी येतं का?

डॉ_निवांत | मंगळवार, दुपारी २:१५

नाही. ते साधारण मागच्या तीन महिन्यांचं येतं, एका रात्रीच्या उपासाला भुलत नाही. भुललं ते वहीतलं निळं खातं. पण एचबीए१सीही दर वेळी खरंच बोलतं असं नाही. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ते उगाच जास्त दिसू शकतं, नुकतंच रक्त चढवलं असेल तर चुकतं. आकड्यालाही साक्षीपुरावा लागतो.

पायवाट | मंगळवार, रात्री ९:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जास्त करून पॅरालिसिसचे पेशंट. आमच्याकडे पहिल्या दिवशी "काय ध्येय ठेवू या?" विचारलं की नातेवाईक हमखास म्हणतात, "पूर्वीसारखं व्हायला पाहिजे." यावर मी काय लिहू? पूर्वीसारखं म्हणजे काय करत होते, ते विचारावं लागतं.

एका काकांचा किस्सा सांगते, ओळख बदलून. चहाची टपरी होती. उजव्या हातात ताकद थोडी परतली होती. मी नियमाप्रमाणे भोकांच्या पाटीत खुंट्या बसवायला दिल्या, प्लॅस्टिकचे शंकू एकावर एक रचायला दिले. काका रोज यायचे, रोज कंटाळून पाच मिनिटांत "झालं का ताई?" विचारायचे. दोन आठवडे प्रगती शून्य. मला वाटलं मन लागत नाही, डिप्रेशन असेल. एके दिवशी त्यांची बायकोच वैतागून म्हणाली, "अहो ते असले खेळ कशाला, त्यांना सांडशी द्या."

दुसऱ्या दिवशी बाई घरून सांडशी, लहान पातेलं आणि दोन काचेचे ग्लास घेऊन आली. पातेल्यात गार पाणी. काकांनी सांडशी धरली, पातेलं दीड इंच उचललं, मनगट थरथरलं आणि सगळं पाणी माझ्या टेबलावर. पण ते पाणी पुसून झाल्यावर त्यांनी पुन्हा उचललं. त्या दिवशी चाळीस मिनिटं थांबले.

मग आम्ही कागदावर पाच पायऱ्या मांडल्या. या पद्धतीला गोल अटेन्मेंट स्केलिंग म्हणतात. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन या दोघांनी १९६८ मध्ये मानसिक आजारांच्या रुग्णांसाठी काढली, आता आमच्या क्षेत्रातही वापरतात. उणे दोन ते अधिक दोन. मधलं शून्य म्हणजे ठरल्या मुदतीत जेवढं होईल असं प्रामाणिकपणे वाटतं तेवढं. काकांचं शून्य असं होतं: सहा आठवड्यांत, अर्ध्या भरलेल्या पातेल्यातून दोन ग्लास, बाहेर न सांडता. अधिक एक म्हणजे चार ग्लास. अधिक दोन, गरम चहा. उणे एक म्हणजे ओततात पण निम्मं सांडतं. उणे दोन म्हणजे पातेलं उचलतं पण ओतता येत नाही.

यात गोम अशी की शून्य खोटं ठरवायचं नाही. सोपं ठेवलं तर मी हुशार दिसते, अवघड ठेवलं तर पेशंट नापास दिसतो. काका सहा आठवड्यांनी शून्यावर आले, बारा आठवड्यांनी अधिक एकवर. गरम चहा नाही जमला. आता टपरीवर मुलगा ओततो, काका गल्ल्यावर बसतात आणि ओतण्यातल्या चुका काढतात.

कासचा_वारा, तुमच्या आईने सांगितलेल्या तीन गोष्टी मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा उपयोगी वाटतात. एकटीने भजनाला जाणं यात चाल, तोल, नजर, शुगर सगळं आलं. पण त्याला मुदत लावा आणि मधली पायरी लावा. आधी तुम्ही सोबत, मग दहा पावलं मागे, मग नुसते दारात उभे.

माई_पेठेतली | मंगळवार, रात्री १०:५५

सासूबाईंचा गुडघा बदलला, पुण्यात. एक्स-रे बघून सर्जन खूश, आम्ही खूश, सासूबाई रुसलेल्या. का? त्यांना पाटावर मांडी घालून पूजेला बसायचं होतं. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर मांडी घालून बसणं टाळा. हे ऑपरेशनच्या आधी कोणी बोललंच नाही, कारण त्यांनी विचारलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. आता देव उंच टेबलावर आणलेत. चालायला लागल्या, दुखत नाही, तरी ऑपरेशन फसलं असंच सगळ्यांना सांगत असतात.

भीमथडी | बुधवार, रात्री १२:४०

झोप येत नाही म्हणून लिहितोय.

वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर. कळला तेव्हाच चौथी स्टेज. आम्ही भावांनी ठरवलं की अप्पांना सांगायचं नाही. डॉक्टरांनाही हात जोडून तेच सांगितलं. केमो सुरू केली. आमच्या डोक्यात एकच, केमो म्हणजे बरं करायचं औषध. सहा सायकल झाल्या की अप्पा बरे.

अप्पा गेल्यावर मेडिक्लेमसाठी फाइल चाळत होतो. पहिल्याच पानावर, पहिल्याच दिवशीच्या तारखेखाली लिहिलेलं होतं, "पॅलिएटिव्ह इंटेंट". म्हणजे हेतू आजार आटोक्यात ठेवायचा, त्रास कमी करायचा. बरं करायचा नव्हताच. लपवलं नव्हतं कोणी. ते पान मी स्वतः तीनदा झेरॉक्स केलं होतं.

यात डॉक्टरांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी इंग्रजीत एकदा सांगितलंही असेल. आम्हालाच "ही ट्रीटमेंट नक्की कशासाठी?" असं विचारायचं धाडस झालं नाही, कारण उत्तर काय येईल ते आतून माहीत होतं.

मला जे खातं ते वेगळंच. दुसऱ्या आणि तिसऱ्या सायकलच्या मध्ये अप्पा जरा बरे होते, तेव्हा दोनदा म्हणाले, "तलाठ्याकडे जाऊन येऊ, वाटणीचं एकदा उरकून टाकू." आम्ही म्हणालो, अप्पा, आधी बरे व्हा, मग जाऊ. त्यांनी तिसऱ्यांदा काढलं नाही. आज सातबाऱ्यावर अप्पांचंच नाव आहे आणि आम्ही दोघं भाऊ कोर्टाच्या तारखांना एका एसटीतून जातो, वेगवेगळ्या सीटवर बसून.

चकलीचा_साचा | बुधवार, सकाळी ८:१०

भीमथडी, काय लिहू कळत नाही. वाचलं एवढंच सांगते.

डॉ_निवांत | बुधवार, दुपारी ३:००

भीमथडी, पॅलिएटिव्ह म्हणजे आता काही करायचं नाही, हा समज आमच्या क्षेत्रातही आहे. २०१० मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला १५१ रुग्णांचा अभ्यास आला, सगळे तुमच्या अप्पांसारखे, पसरलेला फुप्फुसाचा कॅन्सर. निम्म्यांना कॅन्सरच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीमही दिली, म्हणजे दुखणं, धाप, मन आणि पुढे काय हवंय याबद्दल बोलणारी माणसं. त्यांचे दिवस बरे गेलेच, शिवाय शेवटी कमी आक्रमक उपचार घेऊनही ते मध्यमानाने ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९.

"सांगू नका" असं म्हणणारे नातेवाईक मला आठवड्याला दोन तरी भेटतात. आता मी पेशंटला आजाराबद्दल विचारायच्या आधी विचारतो, "येत्या दोन-तीन महिन्यांत काही उरकायचंय का?" बहुतेकांना असतं. बहुतेकांना आजारही माहीत असतो.

वकिली_चष्मा | बुधवार, संध्याकाळी ६:२५

शेवटच्या टप्प्यात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची म्हणून कोणी वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. भीमथडी, वाटणीबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तडजोडीला अजून वाव असतो.

खवचट_खंडू | बुधवार, रात्री ९:४५

डॉक्टर, एक प्रामाणिक शंका. "तुम्हाला काय हवंय" असं भावाला विचारलं तर तो म्हणणार, रोज रात्री दोन पेग आणि बिर्याणी. मग तेच ध्येय लिहायचं का?

डॉ_निवांत | बुधवार, रात्री १०:३०

लिहायचं की. मग विचारायचं, पाच वर्षांनी बिर्याणीत पीस कुठला आहे ते दिसायला हवं ना? तिथून बोलणी सुरू होतात. मी नुसता आकडा सांगितला तर तो पुढच्या वेळी येतच नाही. आणि भावाला पायांची तपासणी दर भेटीत करायला सांगा, चप्पल न घालता घरातही फिरू नये.

खवचट_खंडू | बुधवार, रात्री १०:४१

हा पीसचा मुद्दा त्याला पटेल. पाठवतो.

कासचा_वारा | तीन महिन्यांनी, रविवार, सकाळी ११:००

धागा वर काढतोय, कळवायचं राहिलं होतं.

एचबीए१सी ७.७. मी ग्रुपवर टाकलं नाही. बहिणीने विचारल्यावर तिला डॉ_निवांत यांचा प्रतिसाद पाठवला. ती म्हणाली, "इंटरनेटवरच्या डॉक्टरचं काय ऐकायचं", पण पुढे वाद घातला नाही.

७० च्या खाली एकदाही गेली नाही. टोचणं आता आठवड्यातून तीन-चारदा, तेही करंगळीला, बोटाच्या कडेला. पेटीला करंगळी कमी लागते असं आईचं म्हणणं.

पायवाट ताईंच्या पायऱ्या जशाच्या तशा केल्या. दहा पावलं मागे चालायचा आठवडा सर्वांत कठीण गेला, आईला नाही, मला. ती मधेच वळून "आलास का?" विचारायची. आता मी दारातही थांबत नाही. म्हणजे थांबतो, पण पडद्याआड.

रात्रीच्या बाथरूमचा प्रश्न शेवटी दीडशे रुपयांच्या बल्बने आणि भिंतीला लावलेल्या दांडीने सुटला. त्यासाठी दीड वर्ष लागलं याची लाज वाटते.

डॉक्टरांनी परवा पुन्हा विचारलं, "मावशी, पुढचं काय ठरवायचं?" तर म्हणाली, "आंबे संपेपर्यंत असंच राहू दे."

एक शंका मात्र आहे. सांगितल्याप्रमाणे तिच्या उशाशी साखरेचा लहान डबा ठेवलाय, फक्त शुगर उतरली तर म्हणून. शुगर एकदाही उतरली नाही, पण डब्यातली साखर कमी होतेय.

डॉ_निवांत | रविवार, दुपारी १२:३५

किती?

कासचा_वारा | रविवार, दुपारी १२:४१

आठवड्याला साधारण दोन चमचे. मोजलंय.

डॉ_निवांत | रविवार, दुपारी १२:४४

मोजू नका.